मोकळी पाठ

दिंडीत आईच्या जागी मी चालले. तिचे गुडघे गेलेत, आणि भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे, तर भरून झाली होती.

विठ्ठल आहे असं मला वाटत नाही. दिवेघाटाच्या पायथ्याशी एका मावशींनी त्यांच्या डोक्यावरची तुळस माझ्या डोक्यावर ठेवली, तेव्हा मी त्यांना ते सांगून टाकलं. न सांगता घेणं फसवणूक वाटली असती. त्या म्हणाल्या, "मान सरळ ठेव, माउली. तुळस कलंडंल."

त्या दिवशी एकादशी. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर, तेही उपाशीपोटी. उपास मीही धरला होता. चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या. देव आहे की नाही, हा प्रश्न घाटात एकदाही डोक्यात आला नाही. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडत होतं आणि डोक्यावर तुळस होती.

पुढे सदाशिवनगरला गोल रिंगण. कर्नाटकातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत आलेले दोन घोडे. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नाही. तो माउलींचा अश्व, त्यावर स्वतः ज्ञानेश्वर महाराज बसलेले असतात. तो दौडत गेला आणि माणसं टापांखालच्या मातीवर अक्षरशः तुटून पडली. मावशींनी चिमूटभर माझ्याही कपाळाला लावली.

मी विचारलं, "तुम्हाला दिसतात माउली?"

"दिसत न्हाईत. म्हणून तर जागा मोकळी ठिवायची."

मला 'देव मानतेस का?' असं शहरात कितीदा विचारलं गेलंय! वारीत कोणी विचारलं नाही. विचारलं ते, जेवलीस का, पायाला फोड आला का. आपल्या 'मानणं' या शब्दात 'आहे असं समजणं' आहे, तसा 'मान देणं'ही आहे. पहिलं मला जमत नाही. मावशींचा विश्वास मला उसना घेता येणार नाही, आणि खोटा आव मी आणणार नाही. पण ती पाठ मोकळी ठेवणाऱ्यांत मी होते, मनापासून होते. याला श्रद्धा म्हणायचं नाही असं कोणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन.

पंढरपुरात दर्शनबारी संपेना. आम्ही कळसाला हात जोडले. आईला फोन लावला.

"चुकली नाही ना गं वारी?"

"नाही."

ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, पुढच्या वर्षीची भिशी लवकर भर.