ग्नूकॅश डायरी, भाग 3: साडेबारा हजारांचा फरक

शनिवार, 10 मे 2025

2024-25 चं अख्खं आर्थिक वर्ष एका बैठकीत ग्नूकॅशमध्ये, म्हणजे हिशेब ठेवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, आत घ्यायचं ठरवलं होतं. बचत खात्याचं स्टेटमेंट उतरवलं. नावाला एक्सेल फाइल, पण नोटपॅडमध्ये उघडली तर टॅबने तोडलेला साधा मजकूर. वरच्या पत्ता-आयएफएससीच्या ओळी ग्नूकॅशचा इम्पोर्टर सांगितल्यावर वगळतो, त्यामुळे त्यांचा त्रास नाही. रकमांमधले स्वल्पविराम आधीच काढून टाकले. नाहीतर अवतरणचिन्हं नसलेल्या सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली साधी फाइल) 1,25,000.00 चे सरळ तीन रकाने होतात.

घाण केली ती तारखांनी. म्हणजे मीच केली.

एक्सेलमध्ये तारखांचा रकाना 'वर्ष-महिना-दिवस' असा बदलला. 13 तारखेपासून पुढच्या ओळी हटून बसल्या, तशाच राहिल्या. त्यांना सूत्र लावून वळवलं आणि 1 ते 12 तारखांच्या ओळी निमूट बदलल्या म्हणून त्यांच्याकडे पाहिलंच नाही. चोर त्याच होत्या! माझ्या लॅपटॉपची रीजन सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना, मग दिवस. 12/03/2025 चं वीजबिल 3 डिसेंबर 2025 ला जाऊन बसलं. स्टेटमेंट 31 मार्चला संपतं आणि माझ्या रजिस्टरमध्ये दिवाळीनंतरचा खर्च झालेला! शिवाय पगाराच्या खात्यातून इकडे वळवलेले पैसे दोनदा चढले, कारण जुळणारी नोंद शोधताना ग्नूकॅश रकमेबरोबर तारीखही बघतं, आणि तारखा महिनोन्‌महिने लांब गेल्या होत्या.

बॅकअपवरून मागे आलो. रात्रीचे दीड.

रविवार, 11 मे

या वेळी एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस. फाइल उघडतानाच्या खिडकीत तारखेच्या रकान्याला 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) दिलं आणि यूपीआय संदर्भ क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्ट'. हे दुसरं विसरू नका. 12 आकडी क्रमांक एक्सेल 4.12ई+11 असा दाखवतं, आणि तसंच सीएसव्हीत सेव्ह केलं की उरलेले आकडे कायमचे गेले.

तारखा जागेवर, दुबार नोंदी गायब. तरी 31 मार्चची शिल्लक 12,500 नी कमी.

दुपारी जेवताना सहज बोललो. बाबांनी पतसंस्थेत तीस वर्षं खतावणी लिहिली आहे. त्यांनी विचारलं, "फरक नऊनं भागतो का?" नाही म्हटलं. "मग आकडे उलटसुलट झालेले नाहीत. निम्मा कर, आणि तेवढी रक्कम शोध. जमेची नावे पडली असेल, तर फरक दुप्पट येतो."

निम्मे 6,250. ही माझ्या मुदत ठेवीच्या तिमाही व्याजाची रक्कम! वर्षातून चारदा जमा होते, त्यातली डिसेंबरची नोंद वजा चिन्हासह आत गेली होती.

आमच्या स्टेटमेंटमध्ये रकमेचा रकाना एकच, शेजारी 'सीआर' (जमा) किंवा 'डीआर' (नावे). माझं सूत्र सोपं होतं: 'सीआर' असेल तर अधिक, नसेल तर उणे. डिसेंबरच्या ओळीतही 'सीआर' स्वच्छ दिसत होतं. लेन फंक्शनने अक्षरं मोजली तर इंग्रजीतली दोन असायची ती तीन. शेवटी रिकामी जागा! जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन लावलं, तरी तीनच. मग अक्षराचा क्रमांक सांगणाऱ्या युनिकोड फंक्शनला तिसरं अक्षर विचारलं. उत्तर 160. म्हणजे ही साधी स्पेस नाही, वेबपानांवर असते ती न तुटणारी स्पेस. साध्या स्पेसचा क्रमांक 32, ट्रिमला तेवढीच कळते.

आता सूत्र डावीकडची दोनच अक्षरं बघतं. त्याशिवाय शेजारी एक ताळ्याचा रकाना घातलाय: आधीची शिल्लक अधिक ही रक्कम, उणे बँकेने छापलेली शिल्लक. प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. हा रकाना कालच असता तर ती ओळ लगेच सापडली असती. बाबांना दाखवला. म्हणाले, "आम्ही हे पानाच्या खाली करायचो, तू प्रत्येक ओळीला करतोस."

शनिवार, 17 मे

शिल्लक पैशापर्यंत जुळली. इम्पोर्टची सेटिंग नाव देऊन सेव्ह केली. आता वर्णनातले यूपीआय क्रमांक काढून फक्त दुकानाचं नाव ठेवतोय, म्हणजे खर्चाचं खातं सुचवताना ग्नूकॅशला जुन्या नोंदींचा उपयोग होईल. किराणावाला तीन वेगवेगळ्या क्यूआरवर पैसे घेतो, तिन्हींवर नाव वेगळं, एक तर त्याच्या मेहुण्याचं. पुढच्या आठवड्यात क्रेडिट कार्डाची पासवर्डवाली पीडीएफ.