द्राक्षाच्या वेलीतली छोटी अक्षरं

पिंपळगावच्या एका ओळखीच्या बागायतदारांना, अण्णांना, बेदाण्याच्या पाकिटावर नाव हवं होतं. इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, आणि "भाऊ, वेल दिसली पाहिजे" ही अट. तेवढं नाव काढून देता आलं असतं. पण उद्या अण्णा आणखी दोन वस्तू बाजारात आणणार हे दिसतच होतं, म्हणून अख्खा फॉन्टच करायला घेतला.

माझा हात देवनागरीचा. तिथे अक्षर शिरोरेषेला लटकतं, इथे खालच्या रेषेवर उभं राहतं. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलटा असतो, त्यामुळे जाड-बारीकही उलट पडतं. नक्षी बाजूला ठेवून आधी साधा सांगाडा काढला. 'एन' आणि 'ओ' जमले की बरंच काम झालं: एनच्या कमानीतून एच, एम, यू निघतात, ओच्या पोटातून बी, डी, पी, क्यू, सी, ई. ओ मात्र एनच्याच उंचीचा ठेवला की बुटका दिसतो. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या १००० युनिटांच्या चौकटीत तो वर आणि खाली १०-१२ युनिटं बाहेर काढला, तेव्हा ओळीत बसला.

मग वेल. बागेत नीट पाहिलं तर तणावा, म्हणजे आधाराला विळखा घालणारा वेलीचा दोरा, पानाच्या बगलेतून नाही, पानाच्या समोरून फुटतो. घडही तिथेच धरतो. तेच अक्षरात आणलं. एच, के, एल यांच्या उंच दांड्यांवर एका बाजूला पान, समोर तणावा. जी, पीच्या शेपटीला घड. आय, जेच्या टिंबाजागी एकेक मणी.

ए, ई, एस यांनी मात्र घाम काढला. उंच दांडा नाही, शेपूट नाही, शिवाय आत कप्पे. ईच्या डोळ्यात, म्हणजे वरच्या बंद पोकळीत, तणावा सोडला की पाकिटाच्या मापाला शाईने डोळाच बुजायचा. मग एप्रिलमध्ये बागेत करतात तशी खरड छाटणी केली, म्हणजे जवळजवळ सगळं छाटून टाकलं. ईचं खालचं टोक वळून पान होतं, बस. एन, एम, आरच्या खांद्यांना हातच लावला नाही. अक्षर आपण मुख्यतः वरच्या अर्ध्यावरून ओळखतो. ओळीचा खालचा भाग झाकून पाहा.

चाचणीला 'नाशिक ग्रेप्स' रोमनमध्ये लिहायचो. उभी, गोल, लोंबणारी, अशा सगळ्या प्रकारची अक्षरं त्यात येतात. अंतर दांड्यापासून धरलं, पानापासून नाही. पान शेजाऱ्यावर थोडं झुकलं तर बिघडत नाही. आर आणि एन चिकटून एम दिसायला लागला की मात्र बिघडलं.

मोठ्या अक्षरांच्या जागीही हीच अक्षरं भरली, म्हणजे कॅप्स लॉक चालू राहिला तरी रिकामे चौकोन नकोत. फॉन्ट पाठवला तर अण्णांचा फोन, "भाऊ, ५०० ग्रॅमचं काय?" आकडे साध्या फॉन्टमध्ये छापा म्हटलं. एक्स्पायरीच्या तारखेला घड कोणाला हवाय?