नळीतलं रॉकेल

“वीज आली, पण बॉयलर काही आला नाही,” माझ्या गिऱ्हाईक आजी फोनवर म्हणाल्या.

शनिवार, 1 फेब्रुवारी 2025, सकाळचे साडेसात. आठ दिवसांपूर्वी, 24 जानेवारीला, एओविन वादळ आयर्लंडवरून गेलं होतं. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी 180 किलोमीटरहून जास्त नोंदला गेला आणि साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्या भागात, म्हणजे रॉसकॉमनच्या खेड्यांत, झाडं तारांवर आडवी पडलेली. कित्येक घरं आठवडाभर अंधारात होती. आजींची वीज शुक्रवारी रात्री नऊला आली.

मी अ‍ॅथलोनला राहतो आणि तेलावरचे बॉयलर दुरुस्त करतो. इथल्या खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. घरामागे हजार-बाराशे लिटरची हिरवी प्लास्टिकची टाकी असते आणि तिच्यात केरोसीन. आपलं रॉकेलच ते, फक्त रेशनच्या रॉकेलचा निळा रंग त्याला नाही. बर्नरमधला पंप ते दाबाने बारीक नोझलमधून उडवतो, त्याच्या धुक्यावर ठिणगी पडते, पाणी तापतं आणि ते घरभरच्या रेडिएटरमधून फिरतं. लहानपणी आईला स्टोव्हच्या निपलला पिन मारताना पाहिलेल्या माणसाला हे यंत्र फार परकं वाटत नाही.

आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा ऑस्ट्रेलियात. आठ दिवस त्यांनी स्वयंपाकघरातल्या चुलीत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जाळून काढले होते. खुर्चीतच झोपत होत्या. मी त्यांच्या झोपायच्या खोलीत थर्मामीटर धरला, सहा अंश. त्या वयात सहा अंशांत माणूस हळूहळू गार होत जातो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. म्हणून अशा घरचा फोन आला की मी नाश्त्यालाही थांबत नाही.

“रात्री वीज आल्यावर वीसेक मिनिटं चालला,” त्या सांगत होत्या. “मग खोकल्यासारखा आवाज केला आणि लाल दिवा. मी दाबत राहिले, बाळा. रोझरीचे मणी संपतील एवढ्यांदा दाबलं.”

लाल दिवा म्हणजे लॉकआउट. ज्योत दिसली नाही की बर्नर काही सेकंदांत स्वतःहून बंद पडतो आणि रिसेटचं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. लोकांना वाटतं, बटण दाबत राहिलं की कधीतरी चालेल. इथेच घात होतो. थोडं तेल येत असेल तर ते न जळता भट्टीत साचतं आणि पुढच्या ठिणगीला एकदम भडकतं. बर्नर बसवलेलं दार त्या धक्क्याने ढिलं झालेलं मी पाहिलं आहे. आणि तेल येतच नसेल तर पंप कोरडा फिरतो. त्याच्या आतल्या गिअरना वंगण दुसरं कुठलं नसतं, रॉकेलच असतं.

“टाकीत तेल आहे ना?” मी विचारलं.

“तिसरा हिस्सा आहे. रोज सकाळी बघते.”

मीही जाऊन बघितलं. टाकीला बाहेरून एक पारदर्शक उभी नळी असते, पातळी दाखवणारी. नळीत तेल तिसऱ्या खुणेवर होतं. मग मी फिल्टरची वाटी सोडवली. तळाशी चमचाभर तपकिरी चिखल, बाकी काही नाही. टाकीचं झाकण उघडून काठी सोडली. खडखडीत तळ लागला.

मी तिथे थोडा वेळ नुसता उभा राहिलो. या नळीच्या बुडाशी स्प्रिंगचं एक बटण असतं. ते दाबलं तरच टाकीतली पातळी नळीत येते. सोडलं की नळी बंद. नळी फुटली तर टाकी रिकामी होऊ नये म्हणून ही सोय. पण न दाबता नुसतं बघितलं, तर शेवटी कुणीतरी दाबलं त्या दिवशीची पातळी तुम्ही बघत असता. आजींचे यजमान होते तोवर बटण तेच दाबायचे. ते गेल्यावर उन्हाळ्यात मुलगा येऊन गेला, त्याने दाबलं, आणि नळी तिथेच थांबली.

ऑक्टोबरमध्ये या बॉयलरची सर्व्हिसिंग मी केली होती. “तेल, तिसरा हिस्सा” असं माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी बटण दाबलं नव्हतं. नळीकडे बघितलं, लिहिलं, आजींना म्हणालो, पुरेल तुम्हाला.

घरात जाऊन मी त्यांना हे जसं आहे तसं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. मग आता मला ते बटण दाखव.”

आता तेल आणायचं कुठून? तो दिवस इथल्या संत ब्रिजिदच्या सणाचा. चुलीवरच्या भिंतीला लव्हाळ्याचा नवा क्रॉस लावलेला होता. सोमवारीही त्या सणाची सुट्टी, म्हणजे तेलाचा टँकर मंगळवारी. शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारली. आठ दिवस तो ट्रॅक्टर आणि करवत घेऊन रस्त्यावरची झाडंच कापत होता. तो पेट्रोल पंपावरून वीस-वीस लिटरचे चार कॅन घेऊन आला.

दोन कॅनमध्ये भागलं नसतं. तेलाची नळी टाकीच्या तळापासून थोडी वर असते, आणि एवढ्या पसरट टाकीत चाळीस लिटर म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. पण ओतण्याआधी मला गाळ काढायचा होता. टाकीत दव धरतं, पाणी रॉकेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, त्यात वर्षानुवर्षांची घाण. वरून तेल ओतलं की सगळं ढवळून निघतं. टाकी इतकी रिकामी सहसा मिळत नाही. तळाचा कॉक उघडला, तीन-चार लिटर घाण पाणी बादलीत काढलं, मग ऐंशी लिटर ओतलं आणि तासभर निवळू दिलं. तेवढ्यात फिल्टर बदलला आणि भट्टीचं दार उघडून आत पडलेले तेलाचे थेंब फडक्याने टिपले. पंप हाताने फिरवून पाहिला. फिरला. मोटर आणि पंप यांना जोडणारा प्लास्टिकचा तुकडा अशा वेळी तुटतो, तोही शाबूत होता. नोझल मात्र नवं घातलं.

मग हवा. मिरजेजवळ आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. डिझेल संपू दिलं की इंजिन हवा धरायचं आणि वडील बोल्ट ढिला करून हाताने पंप मारत बसायचे, बुडबुडे थांबेपर्यंत. मला घाई व्हायची. ते म्हणायचे, थेंब एकसारखा पडू दे, मग आवळ. आजींच्या अंगणाखालून अठरा मीटर तांब्याची नळी गेलेली. आतून आठ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ एक लिटर हवा. बॉयलरपाशी होज, म्हणजे लवचिक नळी, सोडून ती डब्यात धरली. आधी फुसफुस, मग तपकिरी पाणी, मग थुंकल्यासारखं तेल. पाच मिनिटांनी पाण्यासारखी स्वच्छ धार लागली. तरी मी आणखी दोन लिटर जाऊ दिलं.

होज जोडून पंपाला दाबाचं घड्याळ लावलं, हवा काढायचा स्क्रू ढिला केला. रिसेट. पंखा दहा-पंधरा सेकंद फिरला, स्क्रूतून फेस आला, लॉकआउट. थांबलो. दुसऱ्यांदा फेस कमी. पुन्हा थांबलो. आजी दारात शाल गुंडाळून उभ्या. तिसऱ्यांदा फेस संपला, स्क्रू आवळला, काटा चढून आठ बारवर स्थिर झाला आणि ज्योत धरली. आवाज एकसारखा, खोकला नाही.

धुराड्यातला वायू तपासला, कार्बन डायऑक्साइड साडेअकरा टक्के, काजळी शून्य. हे बॉयलर तासाला दोन लिटरच्या आसपास तेल खातं. टाकीतल्या ऐंशीपैकी हाती लागेल तेवढं जपून, रोज सात-आठ तास चालवलं तर मंगळवारपर्यंत निघेल असं आजींना लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत.

निघण्याआधी त्यांना टाकीपाशी नेलं. त्यांच्या सांधे आखडलेल्या बोटांना स्प्रिंग दाबेना. अंगठ्याने दाबलं तेव्हा नळीतलं तेल सरसर खाली गेलं, पार तळाच्या खुणेपर्यंत. “एवढंच होतं होय,” त्या म्हणाल्या. मी चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून नळीशेजारी लावलं, आधी दाबा, मग बघा.

रात्री वही काढली. ऑक्टोबरपासून सर्व्हिसिंग केलेली, अशी नळी असलेली एकटी-दुकटी म्हातारी माणसं, चौदा घरं निघाली. रविवारी सकाळी निघालो. तिसऱ्या घरी नळीत अर्धी टाकी दिसत होती. बटण दाबलं, आणि तेल हातभर खाली आलं.