फुलं बघून झाडं आणली आणि फसलो

इकडे परदेशात घरामागे चिमूटभर अंगण मिळालं तेव्हा कोण आनंद झाला होता! मे महिन्यात नर्सरीत गेलो आणि जे जे फुललेलं दिसलं ते ते गाडीत टाकलं, पिओनी, आयरिस, सोबत लॅव्हेंडर पण. तीन-चार आठवडे असलं भारी दिसत होतं की रोज घरी व्हिडिओ कॉलवर बाग दाखवायचो. जून सरला आणि संपलं सगळं. एकाच वेळी फुललेली झाडं आणली तर ती एकाच वेळी झडणार, हे तेव्हा सुचलंच नाही.

थंडीत तर पिओनी पार जमिनीपर्यंत वाळली. मेली समजून कुदळ घेतलीच होती, शेजारच्या आजी कुंपणावरूनच नको नको करत ओरडल्या म्हणून वाचली, मार्चमध्ये लालबुंद कोंब वर! लॅव्हेंडर मात्र खरंच गेलं. उपटून बघितलं तर मुळं काळी, लिबलिबीत. आमची माती चिकणमाती, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं तर दुसऱ्या दिवशी पण तसंच साचलेलं, आणि लॅव्हेंडरला हवी पाणी झटकन निचरणारी जमीन. आता ते कुंडीत आहे, खडी मिसळून, मजेत.

मग एका रविवारी माडीवरच्या खिडकीतून दर दोन तासांनी अंगणाचे फोटो काढले. लेबलवर ‘फुल सन’ लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ दिवसाला निदान सहा तास ऊन, आणि आमच्या दक्षिणेकडच्या कुंपणाखाली जेमतेम दोन तास येतं. तिथे सावलीत चालणारी पानांची झाडं, होस्टा आणि फर्न, लावली. उंच झाडं मागे, बुटकी पुढे, हे सगळ्यांना माहीत असतं, पण झाड मोठं झाल्यावर किती पसरणार ते लेबलवर बारीक अक्षरात असतं ते कोण वाचतंय, मी तर ९० सेंटीमीटर पसरणारी दोन झाडं वीतभर अंतरावर लावलेली! आता खणायच्या आधी कुंड्या आठवडाभर नुसत्या जागेवर ठेवतो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो, सरकवतो. बायको हसते, हसू दे.

सध्या ऑक्टोबर, ट्यूलिपचे कंद लावणं चाललंय. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. कालच खारीने दोन उकरून नेले, आता वर जाळी अंथरलीय.