हलक्यातला दाखवा

रविवारची दुपार. बायको केकचं सामान आणायला लक्ष्मीपुरीत गेलेली, आप्पा आतल्या खोलीत आडवे झालेले आणि मी ओट्याजवळ उभा राहून तिच्या केकच्या डिजिटल काट्यावर माझा कॉम्प्युटरचा माऊस ठेवून बघतोय. काट्यावर मैदा सांडलेला होता तो आधी टॉवेलनं पुसून घेतला, नंतर बोलणी नकोत. माऊस भरला १०४ ग्रॅम. पोटातली पेन्सिल सेल काढून ठेवली तर ती एकटीच २३. मग उगीच फ्रीजमधलं एक अंडं ठेवलं. ५७.

पोरगं दारात उभं राहून हे सगळं बघत होतं.

"मी काय म्हणत होतो, पप्पा? आता माऊस अंड्याएवढे येतात."

झालं होतं असं की माझा माऊस एकदा दाबला की दोनदा क्लिक करायला लागला होता. कंपनीचं नाव कशाला घ्यायचं, इतके दिवस बिचाऱ्यानं इमानानं काम केलं. बटणाखाली धातूची बारीक पट्टी असते, ती लाखो वेळा वाकून दमली की एका टिचकीच्या दोन होतात. मी उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांची कॅड ड्रॉइंगं करतो, दिवसाचे आठ-नऊ तास हात माऊसवर, आणि टिचकीच्या दोन झाल्या की पंपाच्या हाऊसिंगला नको तिथं भोक पडतं. त्यात मनगट ठणकायला लागलेलं. म्हणून नवा घ्यायचा ठरला, आणि घरातला एकमेव जाणकार म्हणजे नववीतला पोरगा, व्हॅलोरंट हा कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम खेळणारा, त्याच्यापुढं मी विषय काढला. तिथंच चुकलं.

तो ग्रॅम पाढ्यासारखे म्हणतो. २०१८ ला लॉजिटेकचा जी प्रो वायरलेस ८० ग्रॅमचा आला तेव्हा लोक नाचले म्हणे. २०१९ ला ग्लोरियसचा मॉडेल ओ, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडलेला, ६७. २०२० ला लॉजिटेकचाच सुपरलाईट, जाळी नाही काही नाही आणि तरी ६३ च्या आत. २०२२ ला रेझरचा वायपर व्ही टू प्रो, ५८. हा पोरगा मीठ आण म्हटलं तर साखर घेऊन येतो, पण हे आकडे झोपेत विचारा.

आणि मी ऐकत बसलो होतो, आणि मला त्यातला एकच शब्द सारखा टोचत होता. हलका. आपल्याकडं हलकं म्हणजे काय? साडीच्या दुकानात "हलक्यातली दाखवा" म्हटलं की दुकानदार गादीवरून उठायचेसुद्धा कष्ट घेत नाही. हलक्या प्रतीचा गूळ. हलक्या कानाचा माणूस. आणि उलट सगळं चांगलं ते भारी. भारी साडी, भारी मिसळ, लई भारी. आमच्या कोल्हापुरात तर दुसरं विशेषणच नाही, पिक्चर भारी, पोरगी भारी, पाऊस पण भारी. अशा गावात मी सात हजार रुपये मोजून मुद्दाम हलकी वस्तू घ्यायला निघालो होतो.

माझं तर सगळं बालपणच वजन वाढवण्यात गेलं. आप्पा जवान असताना तालमीत जायचे, खासबागेत शड्डू ठोकलेला माणूस, आणि पोटी मी. हाडं मोजता यायची. मग संध्याकाळी सायकलच्या नळीवर बसवून मला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोर उभी, धार काढली की ते कोमट फेसाळ दूध तसंच तोंडाला लावायचं. मला त्या वासानं मळमळायचं पण आप्पा बघत असायचे. महिना झाला की एसटी स्टँडवर. तिथं ते वजनाचं मशीन असायचं, लाल-पिवळे दिवे गरगर फिरणारं, नाणं टाकलं की खडकन तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी मशीनवर चढताना चप्पल काढायला लागलो की आप्पा दटावायचे, "ऱ्हाऊ दे पायात. तेवढंच जास्त भरतंय." तिकीट घरी आणून आईला दाखवायचं असायचं ना.

असो. माऊस.

राजारामपुरीतल्या दुकानात गेलो, बरोबर पोरगं. काउंटरवरच्या पोरानं एक काळा माऊस हातात दिला. मी सवयीनं हात जरा जोरानं वर नेला, आपण भरलेली समजून रिकामी कळशी उचलतो ना, तसा तो जवळजवळ उडालाच.

"डमी आहे काय हा?"

"न्हाई दादा, चालू पीस हाय. हेच तर त्याचं भारी हाय."

बघा.

मी तो उलटासुलटा करून बघितला, आणि खरं सांगू का, तिथं मला पहिल्यांदा या पोरांचा नाद कळला. कारण हे आमचंच काम आहे. गिऱ्हाईक म्हणतं ब्रॅकेटचं वजन उतरवा, मग मी स्क्रीनवर बसून जिथं ताण येत नाही तिथलं मटेरियल खरवडून काढतो आणि ताकदीला रिब, म्हणजे बारीक आधारपट्टी, ठेवतो. यांनी तेच केलंय. कवच पातळ केलं, आतून रिबा घातल्या, बॅटरी बारकी केली, रंगीत दिवे काढून टाकले, नको ती बटणं उडवली. फरक इतकाच की आमच्याकडं वजन उतरलं की फाउंड्रीवाल्याचं तोंड उतरतं, कास्टिंगचा रेट किलोवर असतो. इथं जेवढं कमी तेवढं महाग. हा धंदा आधी सुचला असता तर.

दोन्ही कडांना अंगठा आणि करंगळी लावून दाबून बघितलं. पातळ प्लॅस्टिक कुरकुरतं का ते असंच कळतं. एक कुरकुरला, तो बाद. जाळीवालाही बाद. माझ्या टेबलावर फाउंड्रीची काळी वाळू कुठून कुठून येऊन पडलेली असते आणि एप्रिलमध्ये तळहाताला घाम सुटतो, ती सगळी भोकं कोण कोरत बसणार.

कोरण्यावरून आठवलं. १९९७ ला आठवीत असताना सुट्टीतला कॉम्प्युटर क्लास लावला होता, चपला बाहेर काढून आत जायचं, एसी, सगळे देवळात आल्यासारखे हळू बोलायचे. तेव्हाच्या माऊसला पोटात रबराची वजनदार गोळी. कर्सर अडकायला लागला की सर सांगायचे, उघड. झाकण फिरवलं की गोळी हातात पडायची, आणि आत बारीक रुळांवर मळाची काळी कडी बसलेली असायची, ती मी कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं कोरून काढायचो. अख्खी कडी न तुटता निघाली की जो आनंद व्हायचा तो मला नंतर इंजिनिअरिंगच्या डिग्रीनंही दिला नाही. डॉस, लोटस काय काय शिकवलं ते पार पुसलं गेलं, ती कडी तेवढी लक्षात आहे. पोरं त्या गोळ्या खिशात घालून न्यायची म्हणून शेवटी सरांनी झाकणांना सेलोटेप लावला. आताच्या माऊसला खाली नुसता डोळा. सेकंदाला हजारो फोटो काढतो टेबलाचे आणि एकाशी एक ताडून बघतो की आपण किती सरकलो. हुशार आहे, पण कोरायला काही ठेवलं नाही त्यानं.

दुकानात परत. पोरानं माझा पंजा मोजायला फूटपट्टी मागितली, काउंटरवाल्यानं लगेच दिली, म्हणजे हे रोजचंच असणार. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटीमीटर. मग मी माऊस कसा धरतो त्याची तपासणी. यांच्यात तीन घराणी आहेत, पाम म्हणजे अख्खा तळहात टेकवून, क्लॉ म्हणजे बोटं मांजरासारखी आखडून, आणि फिंगरटिप म्हणजे नुसत्या बोटांच्या टोकांनी. माझा निघाला पाम.

"पप्पा, तुम्ही माऊसवर झोपताय," पोरगं म्हणालं.

झोपत नाही रे बाबा. रंधा धरतोय.

आप्पा पॅटर्नमेकर होते. ओतकामाच्या आधी वाळूत साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो तो बनवणारे. उद्यमनगरातला गाळा, सागवानाचा वास, मी शाळेतून तिथंच. वळकट्यांसारखे निघणारे रंध्याचे पापुद्रे मी गोळा करायचो. एकदा मला रंधा हातात दिला, मी वरून सगळा जोर लावून दाबला आणि फळीत खचका पाडला. आप्पांनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला. "दाबायचं न्हाई. वजन त्याचं त्याला हाय. हलक्या हातानं नुसता न्यायचा." गरम, खरखरीत तळवा, आणि त्याखाली माझा हात आणि त्याखाली रंधा. ती फळी मी पुरी केली.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय, हाताचा विषय निघाला की मात्र हलकं चांगलं होतं. त्या सिस्टरचा हात हलका आहे म्हणतो आपण, इंजेक्शन कळत नाही. यावरून मला पुढं काहीतरी म्हणायचं होतं, दुकानात उभं असताना अगदी जिभेवर होतं. गेलं.

तर रंध्याला वजन हवं, कारण तो एकदा निघाला की सरळ जायचा असतो, जडपणा त्याला गाठीवरून पार नेतो. गेममध्ये उलटं. तिथं झटकन न्यायचं, झटकन थांबायचं, परत मागं. जड वस्तू हलवायलाही जोर आणि थांबवायलाही जोर, आणि तो सगळा मनगटातून जातो. हे पटलं मला. पण पोरगं म्हणतं म्हणून अजून पाच ग्रॅम कमी करायला दोन हजार वाढवायचे हे काही पटलं नाही. २६,००० डीपीआय लिहिलंय खोक्यावर, म्हणजे माऊस इंचभर सरकवला की कर्सर किती ठिपके पळतो तो आकडा, आणि हा स्वतः ८०० वर खेळतो. सेकंदाला ८,००० वेळा कॉम्प्युटरला खबर देतो म्हणे, मला १,००० पुष्कळ झाल्या, तेवढ्या खबरा तर आमच्या गल्लीत पण देत नाहीत. त्यापेक्षा पाठीचा उंचवटा तळहातात बसतो का, अंगठ्याला टेकायला जागा आहे का आणि खालचे टेफ्लॉनचे पाय गुळगुळीत आहेत का ते बघावं. वजनाचा नंबर त्यानंतर. पोराला हे मान्य नाही. दोघांत मिळून एक ६३ चा घेतला, उजव्या हाताचा, जाळी नसलेला. दिवसा माझा, संध्याकाळी सहा ते आठ त्याचा, असा तह झालाय.

घरी आल्यावर आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर दोनदा उडवून तोलला.

"यात काय न्हाईच की रं. रिकामा खोका दिलाय तुला."

मी सांगितलं की आप्पा, जगातला पहिला माऊस लाकडाचा होता. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट म्हणून एक होते त्यांची कल्पना, १९६४ ला बिल इंग्लिश यांनी ठोकळा कोरून बनवला, खाली काटकोनात दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या सभेत माऊस चालवून दाखवला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"लाकूड कुठलं?"

एवढंच विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत, "सागवानच आसणार. दुसरं हातात बसत न्हाई," म्हणून स्वतःच प्रकरण मिटवलं. मग माऊस टेबलावर ठेवून फळीवरनं नेल्यासारखा लांब सरळ नेला, टेबलाच्या कडेपर्यंत. कर्सर स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसला. नातू हसला. हात थरथरत होता आप्पांचा, पण रेघ सरळ होती.

परवा त्यांना महिन्याच्या तपासणीला घेऊन गेलो. सिस्टरनं काट्यावर उभं केलं. ६१. कागदावर मागल्या खेपेचे ६४ लिहिलेले. ती काही बोलली नाही, मी पण नाही. आप्पाच म्हणाले, "मागल्या बारीला पायात चप्पल हुती की." सिस्टर हसली, मीही हसलो.

रात्री सगळे झोपल्यावर ओट्यावर आलो, काट्यावर 'पुढारी'चं पान अंथरलं आणि आप्पांची एक चप्पल ठेवली. कापशी, जुनी, जाड तळाची, अंगठ्याचा खळगा पडलेली. ४३०. तिच्यावर दुसरी ठेवली. ८५५.

सकाळी बायकोनं केकसाठी काटा ओढला आणि नाकाजवळ नेला.

"अहो, ह्याला चामड्याचा वास कसला येतोय?"

"नव्या माऊसचा असेल," म्हटलं.