आमची वाटचाल : फाईल गावात आणून ठेवण्याचा धंदा

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या ऑफिसची पाटी 'नेटवर्किंग व डेटा सेवा' अशी आहे, पण २००५ पासून आम्ही मन लावून केलेलं काम एकच. नागपूरच्या मुख्य सर्व्हरवरची फाईल वणी, गडचांदूर, एटापल्ली, भामरागड इथे बसलेल्या माणसाला त्याच्याच ऑफिसच्या कोपऱ्यातल्या मशीनवरून मिळाली पाहिजे. कॅशिंग सर्व्हर म्हणा, प्रॉक्सी म्हणा. आमच्याकडे सगळे त्याला डब्बाच म्हणतात.

त्या काळचा हिशेब आजच्या पोरांना खरा वाटत नाही. ६४ केबीपीएसची लीज्ड लाईन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाईन, पूर्ण चालली तर तासाला जेमतेम २८ एमबी. उपग्रहाच्या २०० एमबीच्या प्रतिमेला सात तास. एका साईटवर पाच जणांना तीच प्रतिमा हवी असली की पाचही जण तीच लाईन ओढत बसायचे आणि संध्याकाळपर्यंत एकाच्याही हाती काही लागायचं नाही. व्हीसॅट, म्हणजे छतावरच्या तबकडीतून उपग्रहामार्फत जोडणी, असलेल्या जागी आणखी त्रास. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर, त्यामुळे प्रत्येक मागणीला जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त. आम्ही स्क्विड हे फाईली साठवणारं प्रॉक्सी सॉफ्टवेअर टाकून एक मशीन तिथे ठेवायचो. फाईल लाईनवरून एकदाच यायची, बाकीच्यांना लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्याच केबलवरून, अर्ध्या मिनिटाच्या आत.

पहिल्या मशीनचे पैसे वणीच्या काकांनी आगाऊ दिले. त्यांचा खाणींच्या सर्वेक्षणाचा व्यवसाय, साईट ऑफिसं चार ठिकाणी. कॉम्प्युटरचं शिक्षण काही नाही, पण थिओडोलाईटवर, जमिनीचे कोन मोजायच्या दुर्बिणीवर, आयुष्य गेलेला माणूस, आकडा चुकलेला लगेच दिसायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "छोट्या फाईली पटकन येतात, मग नकाशा काऊन नाही येत?" प्रश्न बरोबर जागी लागला होता. स्क्विडमध्ये जपून ठेवण्याच्या फाईलची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी असते, म्हणजे नकाशे डब्ब्यात राहातच नव्हते. त्या साईटच्या फाईलींचे खरे आकार बघून मर्यादा बसवायची, हे काम आम्ही तेव्हापासून मशीन लावण्याआधी करतो. तुमच्याकडे कोणी प्रॉक्सी बसवून गेला असेल तर ही एक ओळ आजच उघडून बघा.

मशीनविषयीही सांगतो, कारण ते कोणी लिहीत नाही. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ पंख्यातून आत जाते आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. आम्ही कॅबिनेटला बाहेरून जाळीचं कापड लावायचो आणि ते दर महिन्याला धुवायचं काम साईटच्या शिपायालाच शिकवलेलं. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज अचानक गेली की स्क्विडची अनुक्रमणिका अर्धवट राहायची. चालू झाल्यावर सगळी डिस्क चाळून ती पुन्हा बांधावी लागे आणि तोवर डब्बा रांगतच चालायचा. म्हणून यूपीएसची बॅटरी चांगली घ्या, डिस्क दुय्यम दर्जाची चालेल. डिस्कवरचं सगळं नागपूरहून परत आणता येतं.

मधली वर्षं बरी गेली. माणसं वाढली, एक ओम्नी घेतली.

मग २०१६. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य, आता डब्बा कशाला? त्यातच वेबसाईटी एकामागून एक एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीवर, जाऊ लागल्या. २०१८ च्या जुलैत तर क्रोमने साध्या एचटीटीपीच्या पानांवर 'सुरक्षित नाही' असं लिहायलाच सुरुवात केली. बंद पाकिटातलं प्रॉक्सीला दिसत नाही. ती नुसती बोगद्यासारखी जोडणी पुढे देते, साठवत काहीच नाही. आमच्या डब्ब्यांतून जाणाऱ्या मागण्यांचा मोठा भाग असा आंधळा झाला.

नेमकी तेव्हाच बाहेरगावची एक मोठी कंपनी विदर्भात उतरली. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाची तालुक्या-तालुक्यांत ऑफिसं होती आणि दरसूचीची फाईल आमच्या मशीनवरून जायची. २०१७ मध्ये त्यांचा मुख्य सर्व्हर बसला. त्यांच्याच लोकांनी बॅकअपवरून तो उभा केला आणि चुकीच्या दरसूचीच्या जागी, त्याच नावाने, दुरुस्त फाईल ठेवली. तिच्यावरची तारीख मात्र बॅकअपमधली, आमच्याकडच्या प्रतीपेक्षा जुनी. आमचा डब्बा दर वेळी नियमाने विचारत होता, या तारखेनंतर फाईल बदलली का? मुख्य सर्व्हर तारीख बघून सांगत होता, ३०४, बदललेली नाही. त्या सर्व्हरवर ईटॅगही, म्हणजे फाईलच्या प्रत्येक आवृत्तीला सर्व्हर लावतो ती खूणही, बंद, त्यामुळे तारखेशिवाय ओळखण्याची दुसरी खूणच नव्हती. तालुक्यांना जुने दर गेले.

त्या कंपनीच्या माणसांनी मीटिंगमध्ये सांगितलं की नागपूरवाल्यांचा सर्व्हर शिळी फाईल वाढतो. मी लॉग छापून नेला होता. प्रत्येक मागणीपुढे नोंद स्पष्ट, विचारणा केली, मुख्य सर्व्हरने बदल नाही म्हटलं, वेळ अमुक. टेबलावर कागद पडून राहिला, कोणी उलटून पाहिला नाही. कंत्राट गेलं, वर मागचं बिलही अडवलं. आमच्याकडे शिकलेला एक मुलगा आमच्या कॉन्फिगरेशनच्या फाईली घेऊन त्याच कंपनीत रुजू झाला. ओम्नी विकली, पगार दोन हप्त्यांत दिले. नागपुरातल्या बर्डीवरच्या ओळखीच्या दुकानदारांनी उधारीवर केबल देणं थांबवलं, तेही लक्षात आहे.

त्या कंपनीचा सेल्समन काकांकडेही गेला. काकांनी त्याला वणीच्या ऑफिसात बसवलं आणि दुपारी फोरजीवर नकाशा उतरवून दाखवायला सांगितलं. टॉवर एक, त्यावर सारं गाव. बराच वेळ पट्टी सरकेना. काका म्हणाले, "साहेब, माह्या पोराईले सकाळी आठले नकाशा पायजे, अन् तो याच्याच डब्ब्यातून येते." मग मला फोन करून चारही साईटची वार्षिक देखभाल त्यांनी आगाऊ भरली. धंदा त्यावर तरला.

एचटीटीपीएसवर तोड म्हणून कित्येकांनी सुचवलं, गिऱ्हाईकांच्या मशीनवर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, घाला आणि मधे पाकीट उघडा. ते मी केलं नाही, करणारही नाही. लोक त्याच लाईनवरून बँकेचं काम करतात. आम्ही मार्ग बदलला. दुसऱ्यांच्या साईटी साठवणं सोडून फक्त गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या फाईली, गिऱ्हाईकाच्याच नावाच्या सर्टिफिकेटने, एनजिन्एक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या डब्ब्यातून द्यायला लागलो. वीस जणांनी एकदम मागितलं तरी बाहेर एकच मागणी जाते, बाकीचे थांबतात. मोठ्या फाईलचे तुकडे करून साठवतो, म्हणजे लाईन तुटली तर आलेले तुकडे हातचे जात नाहीत. फाईलचं नाव तिच्या शा-२५६ ठशावरून, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या खुणेवरून, पडतं. एक अक्षर बदललं तरी नाव वेगळं, म्हणून तारखेवर विसंबायची वेळ येत नाही. त्याच नावावर नवी फाईल लिहू नका. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो.

भामरागडचा डब्बा मृगाच्या आधी भरून ठेवतो. पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की रस्ता बंद, आणि लाईनचा तर भरवसाच नसतो. तरी आतल्या ऑफिसात नकाशे आणि फॉर्म उघडतात. बाकी ठिकाणी रात्री आरसिंक हे फाईली जुळवणारं सॉफ्टवेअर फक्त बदललेला भाग पाठवतं.

काकांचा मुलगा आता व्यवसाय पाहतो. साईट वाढल्या, सगळीकडे आमचीच मशीन. त्या तालुक्यांच्या ऑफिसांतही ती कंपनी पुढे टिकली नाही आणि काही जागी आम्हाला परत बोलावलं. मी गेलो, काम केलं. अडवलेलं बिल मात्र अजून मिळालेलं नाही आणि शिळ्या फाईलचा आरोप कोणी लेखी मागे घेतलेला नाही. २०१७ चा तो लॉग मी जपून ठेवला आहे. ज्याला वाचता येतो त्याने धंतोलीत येऊन वाचावा.