तुम्ही विचारलंत म्हणून: या धुडासाठी एवढे डॉलर?

शिकागोत आमच्याकडे येणारे पाहुणे गॅरेजमधली श्विन कंपनीची जुनी फँटम सायकल बघून हमखास विचारतात: गिअर नाहीत, वजन वीस किलोच्या वर, मग लोक हिच्यासाठी एवढे पैसे का मोजतात?

बहुतेक जण क्रोम, स्प्रिंगचा फोर्क आणि टाकीवर भाळतात. 1949 साली आलेली फँटम त्यासाठीच घडवली होती. टाकीत पेट्रोल नाही, हॉर्न असतो. मोटरसायकलची हौस पोरांनी सायकलवर भागवायची! पण मला विचाराल तर आधी सांधे बघा.

आपल्याकडच्या काळ्या सायकलीत नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोलादी खोळीत, बसवून पितळेनं झाळलेल्या असतात, सांधा लांबूनही दिसतो. इथे लगच नाही. इथल्याच कारखान्यात पोलादी पट्ट्या वळवून नळ्या करत. हँडलखालचा गळा दोन अर्ध्या भागांत प्रेसखाली दाबून काढत, नळ्या जोडायचे आखूड खुंट त्यालाच धरून. मग यंत्रावर विजेच्या उष्णतेनं ते भाग एकमेकांना आणि खुंट नळ्यांना जोडले जात. खोडाला फांदी फुटावी तसा तो सांधा दिसतो. याला म्हणतात इलेक्ट्रोफोर्जिंग. पोलाद साधं, म्हणून नळ्या जाड आणि वजन हे असं. स्टँडसुद्धा बोल्टनं अडकवलेला नाही, फ्रेमलाच वेल्ड केलेल्या नळीत बसतो.

नवा रंग मारलेली फँटम मी घेत नाही. रंगाखाली काय लपवलंय कोण जाणे. फ्रेमवरचा नंबरही तपासावा लागतो, कारण 1995 मध्ये कंपनीनं शताब्दीनिमित्त फँटम पुन्हा काढली होती. श्विनच्या 1948 च्या आधीच्या सायकलींच्या नंबरांच्या नोंदी तर आगीत गेल्या, त्यामुळे त्या सायकलींच्या वयावरून संग्राहकांत वाद ठरलेले.

खरी मौज मात्र श्विनच्याच बिनक्रोमच्या, जुन्या एक्सेलसियर सायकलीची. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जो ब्रीझ, गॅरी फिशर आणि त्यांची टोळी या जुन्या, फुगीर टायरच्या सायकली डोंगरावरून सुसाट खाली सोडत. फ्रेमी मोडायच्या. 1977 मध्ये ब्रीझनं एक्सेलसियरचेच कोन ठेवून क्रोमोली या मजबूत मिश्र पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम बांधली. आजच्या माउंटन बाइकची आजी म्हणजे ही एक्सेलसियर, आणि बाजारात फँटमइतका भाव कधी खात नाही असं मला तरी वाटतं. तशी एखादी गंजकी फ्रेम कुणाच्या गॅरेज सेलमध्ये दिसली, तर घासाघीस करू नका, आधी मला फोन करा.